विमानाला हमी, वैमानिकाला नाही

जबलपूरच्या डुमना विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. धावपट्टी वाढवून २,७५० मीटर करण्यात आली आणि मोठी जेट विमाने सहज उतरू शकतील अशी सोय झाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, याच शहरातील नागरिक संघटनांनी एक दिवस कोणीही विमानप्रवास करू नये, असे आवाहन केले. विमानतळ मोठा झाला आणि विमाने मात्र कमी झाली, अशी त्यांची तक्रार होती. हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने जबलपुरातच मुख्य पीठ असलेल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढेही गेला. त्याच महिन्यात राज्य सरकारने भोपाळ, इंदूर, जबलपूर, रीवा, सिंगरौली अशी शहरे जोडणारी छोट्या विमानांची सेवा सुरू केली. महिनाअखेरीस, २७ जूनला, नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारावरील छताचा भाग एका मोटारीवर कोसळला.

या घडामोडींवर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. प्रवाशांची गैरसोय, व्यापाऱ्यांचे नुकसान, बांधकामाचा दर्जा, राजकीय श्रेय अशा सर्व बाजूंनी चर्चा झाली. एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. एखाद्या मार्गावरील विमान बंद होते, तेव्हा ते चालवणाऱ्या तरुण वैमानिकाचे काय होते? प्रवाशाला रेल्वे असते, व्यापाऱ्याला दुसरे शहर असते. पन्नास लाखांचे कर्ज काढून नुकताच नोकरीला लागलेल्या सहवैमानिकाला कोणता पर्याय असतो? हा प्रश्न एका सुस्थित व्यवसायातील मूठभर लोकांचा आहे, असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात तो सार्वजनिक पैशाचा आणि सार्वजनिक सुरक्षिततेचा आहे. म्हणून धोरणाचा विचार करणाऱ्या वाचकापुढे तो मांडावासा वाटतो.

प्रथम आकडे पाहू. देशाला येत्या दहा-पंधरा वर्षांत ३० हजार वैमानिक लागतील, असे केंद्र सरकारकडून वारंवार सांगितले जाते. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्यामुळे हा अंदाज अवास्तव वाटत नाही. त्याच वर्षी नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १,६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. २०२० मध्ये ही संख्या ५७८ होती. ३० हजारांना पंधराने भागले तर वर्षाला दोन हजार वैमानिक लागतात आणि परवाने त्याहून कमी दिले जातात. या हिशेबाने परवाना हाती पडताच नोकरी मिळायला हवी. तरीही परवाना घेऊन दोन-तीन वर्षे घरी बसलेले तरुण महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात कमी नाहीत.

हे कोडे सोडवणे कठीण नाही. टंचाई आहे ती मुख्य वैमानिकांची, आणि परवाना मिळतो तो नवख्यांना. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव पुरतो. मुख्य वैमानिक होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला मात्र १,५०० तास लागतात. मधले १,३०० तास कोणत्याही प्रशिक्षण संस्थेत विकत घेऊन परवडत नाहीत. ते नोकरीतच भरावे लागतात. त्यातच कारखान्यांकडून विमाने उशिरा येत आहेत. इंजिनांतील दोषामुळे गेल्या काही वर्षांत अनेक विमाने जमिनीवर उभी राहिली. विमान उभे राहिले की कंपनी अनुभवी वैमानिकाला धरून ठेवते आणि नव्या भरतीचे दार लावून घेते. पंधरा वर्षांची सरासरी भाषणात शोभते. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला द्यावा लागतो.

या हप्त्याचाही हिशेब मांडू. देशात प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवायला आज साधारण ५० लाख रुपये आणि अनेकदा त्याहून अधिक खर्च येतो. परवान्यानंतर विशिष्ट जातीचे विमान चालवण्याची पात्रता, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, तिचा खर्च वेगळा असतो आणि तोही बहुधा उमेदवाराच्याच माथी पडतो. ५० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ६९ हजार रुपये होतो. शैक्षणिक कर्जाला तारण नको ही सवलत साडेसात लाखांच्या आसपास संपते. त्यापुढे घर किंवा शेत गहाण ठेवावे लागते. म्हणजे वैमानिक होण्याचा निर्णय एकट्या मुलाचा किंवा मुलीचा राहत नाही. सारे कुटुंब आपली स्थावर मिळकत पणाला लावते.

या व्यवसायाचा आणि आपल्या प्रदेशाचा संबंध जवळचा आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे २००८ पासून राष्ट्रीय पातळीवरील उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. बारामतीत संस्था आहेत, धुळ्यात आहे, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची मोठी संस्था उभी राहत आहे. जुहूचा बॉम्बे फ्लाइंग क्लब तर १९२८ चा. जबलपूर–गोंदिया रेल्वेमार्ग रुंद झाल्यापासून महाकोशल आणि विदर्भ अधिकच जवळ आले आहेत. या शिक्षणाला जिवाची जोखीमही आहे. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरात कोसळले आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने दोन प्रशिक्षण विमाने पडली. पैसा आणि जीव दोन्ही पणाला लावून मिळवलेला परवाना घेऊन हा तरुण पहिल्या नोकरीच्या शोधात निघतो. मोठ्या कंपन्यांचे दार बंद असेल तर त्याला प्रादेशिक कंपनी हीच पहिली पायरी उरते.

ही पायरी किती भक्कम आहे? जळगावचे उदाहरण घेऊ. केंद्राच्या 'उडान' योजनेखाली २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनचे विमान मुंबईहून जळगावला गेले. एप्रिल २०२० मध्ये कोविडचे कारण देऊन या कंपनीने सेवा थांबवली आणि सर्व कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. दरम्यान जळगावला ट्रूजेट आली होती. नांदेड, कोल्हापूर आणि औरंगाबाद येथेही तिची विमाने जात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचीही उड्डाणे बंद झाली. २०२४ मध्ये गोव्याची फ्लाय९१ ही नवी कंपनी जळगावला आली. सात वर्षांत एका विमानतळाने तीन कंपन्या पाहिल्या. जळगावच्या प्रवाशाच्या दृष्टीने ही खंडित सेवेची कहाणी आहे. वैमानिकाच्या दृष्टीने प्रत्येक खंड म्हणजे थांबलेला पगार, थांबलेले तास आणि कालबाह्य होत जाणारी पात्रता. गेल्या ९० दिवसांत ठरावीक उड्डाणे व अवतरणे केलेली नसतील तर वैमानिकाला प्रवासी घेऊन उडता येत नाही. इतर नोकऱ्यांत बेकारीने अनुभव पुसला जात नाही, येथे तो कागदोपत्रीही झिजतो.

जळगाव अपवाद नाही, हे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालावरून दिसते. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग देण्यात आले. त्यांतील ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले त्यांपैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली. सवलत संपल्यावरही, मार्च २०२३ पर्यंत, टिकून राहिलेले मार्ग ५४ होते. दिलेल्या मार्गांच्या हे प्रमाण सात टक्के पडते. योजना निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. बिलासपूरसारख्या शहराला १ मार्च २०२१ रोजी जबलपूर आणि प्रयागराजमार्गे दिल्ली जोडली गेली ती याच योजनेमुळे. मात्र ज्या मार्गावर आपली कारकीर्द उभी करायची तो तीन वर्षांनंतर टिकण्याची शक्यता इतकी थोडी आहे, हे भरतीच्या जाहिरातीत कोणी छापत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे जबलपूरचीच एक जुनी घटना आठवते. मार्च १८७० मध्ये मुंबईहून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादहून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या आणि मुंबई–कलकत्ता लोहमार्ग पुरा झाला. दोन्ही कंपन्या खासगी होत्या. त्यांच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरली जाई. जोखीम सरकारची आणि नफा भागधारकांचा, या व्यवस्थेवर तेव्हाही कडाडून टीका झाली. 'उडान' योजनेत कंपनीची तूट भरून देण्याची तरतूद तत्त्वतः त्याच कुळातील आहे. आज हा निधी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून उभा केला जातो आणि सर्वसाधारण राज्ये त्यात २० टक्के वाटा देतात. भाडे आटोक्यात राहावे म्हणून हे आवश्यकही आहे.

दोन्ही काळांत एक मोठा फरक आहे. रेल्वे कंपनी बुडाली तरी रूळ, पूल आणि स्थानके जागच्या जागी राहत आणि ती चालवणाऱ्या माणसांची गरजही राहत असे. विमान कंपनीचे मुख्य साधन मात्र भाडेपट्ट्यावर आणलेले असते. हप्ते थकले की ते उडवून परदेशी नेता येते. मागे उरते ती रिकामी इमारत आणि माणसे.

या साधनाच्या मालकाचे रक्षण करण्यात आपण अलीकडे विलक्षण तत्परता दाखवली आहे. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा भाडेपट्टा देणाऱ्या परदेशी कंपन्यांची विमाने अडकून पडली. पाच महिन्यांत, ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, केंद्राने अधिसूचना काढून विमानांना दिवाळखोरी संहितेतील स्थगितीतून वगळले. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गो फर्स्टच्या ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२५ मध्ये संसदेने केप टाउन कराराला अनुसरून विमानांतील हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदाच संमत केला. हे चुकीचे झाले असे मी म्हणणार नाही. मालकाला विमान परत मिळण्याची खात्री नसेल तर भाडे वाढते आणि शेवटी तिकीट महागते. प्रश्न तुलनेचा आहे. त्याच गो फर्स्टच्या वैमानिकांच्या थकीत पगारासाठी असा कोणता कायदा झाला? किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये. जेटच्या अवसायनाचा अंतिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. विमानाच्या मालकासाठी पाच महिने पुरले, कर्मचाऱ्याला साडेपाच वर्षे वाट पाहूनही अवसायनच पाहावे लागले.

दिवाळखोरी संहितेत आणखी एक बारकावा आहे. कंपनी मोडीत निघाली तर 'कामगारां'ची २४ महिन्यांची देणी सुरक्षित धनकोंच्या बरोबरीने दिली जातात. इतर कर्मचाऱ्यांची केवळ १२ महिन्यांची देणी आणि तीही त्यानंतरच्या क्रमाने. वैमानिक 'कामगार' की 'अधिकारी' हा वाद न्यायालयांतून पुनःपुन्हा लढवला गेला आहे. त्याच्या पगाराच्या आकड्याकडे पाहून त्याला अधिकारी ठरवणे सोपे असते. विमान कधी, कोठे आणि किती तास उडवायचे हे मात्र तो ठरवत नाही.

जेथे वैमानिकावर बंधन घालायचे असते तेथे नियम स्पष्ट आहेत. २०१७ च्या डीजीसीएच्या नियमानुसार नोकरी सोडताना सहवैमानिकाने सहा महिन्यांची आणि मुख्य वैमानिकाने एक वर्षाची सूचना द्यावी लागते. २०२३ मध्ये ४३ वैमानिक सूचनेची मुदत न पाळता निघून गेल्याबद्दल अकासा एअरने न्यायालयाचे दार ठोठावले. कंपनीची बाजूही समजण्याजोगी होती, कारण अचानक वैमानिक गेले की उड्डाणे रद्द होतात आणि प्रवासी अडकतात. तथापि वैमानिकाला सहा महिने बांधणारी व्यवस्था कंपनीला सहा महिन्यांच्या पगाराची ठेव ठेवायला सांगत नाही. बंधन एकतर्फी असेल तर त्याला शिस्त म्हणणे कठीण आहे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. वैमानिक भरपूर पगार घेतात, मग समाजाने त्यांची काळजी का करावी? मुख्य वैमानिकाचा पगार मोठा असतो, हे खरे. येथे विषय पहिल्या दोन-तीन वर्षांतील सहवैमानिकाचा आहे. त्याच्या असुरक्षिततेचा परिणाम कोठवर पोहोचतो हे अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन शिकले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान बफेलो शहराजवळ कोसळले आणि ५० माणसे गेली. चौकशीत उघड झाले की सहवैमानिकेचे वार्षिक वेतन सुमारे १६ हजार डॉलर होते. नोकरीच्या ठिकाणी घर घेणे न परवडल्याने ती सिॲटलमधील आईवडिलांच्या घरून, देश ओलांडून, रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. अपघाताचे कारण मुख्य वैमानिकाने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे ठरले. पण त्या चौकशीने थकवा, तुटपुंजे वेतन आणि प्रादेशिक कंपन्यांतील प्रशिक्षण हे विषय देशापुढे आणले. पुढे काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून तेथे सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांचा अनुभव आवश्यक झाला. त्यानंतर प्रादेशिक कंपन्यांना वैमानिक मिळेनासे झाले. २०२२ मध्ये त्यांना सुरुवातीचे वेतन मोठ्या प्रमाणात वाढवावे लागले. अनेक ठिकाणी लहान कंपनीतील वैमानिकाला ज्येष्ठतेने मोठ्या कंपनीत जाण्याचा ठरलेला मार्गही असतो. आपण तासांची अट तशीच उचलावी असे नाही. पहिल्या पायरीवरील माणसाची परिस्थिती हा सुरक्षिततेचाच भाग आहे, एवढे तरी त्यातून घ्यावे.

प्रादेशिक उड्डाण सोपे असते, हाही गैरसमज आहे. एटीआर किंवा क्यू४०० चालवणारे वैमानिक दिवसात चार-पाच वेळा चढतात आणि उतरतात. विमानतळ लहान, साधने मर्यादित आणि हवा लहरी असते. जबलपुरातच डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईहून आलेले क्यू४०० विमान धावपट्टीवर रानडुकरांना धडकून बाजूला घसरले. १२ मार्च २०२२ रोजी अलायन्स एअरचे दिल्लीहून आलेले एटीआर धावपट्टीबाहेर गेले. सुदैवाने ५५ प्रवाशांपैकी कोणालाही इजा झाली नाही. पुढे डीजीसीएने दोन्ही वैमानिकांचे परवाने वर्षभरासाठी निलंबित केले. चूक झाली तर शिक्षा झालीच पाहिजे. मात्र एवढी जबाबदारी ज्याच्यावर टाकतो त्याला विश्रांती आणि स्थैर्य देण्याचे कर्तव्यही तितकेच कठोरपणे पाळले गेले पाहिजे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा काय घडले ते आठवावे. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे आणि रात्रीची अवतरणे मर्यादित करणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळूनही पुरेसे वैमानिक नेमले गेले नव्हते. शेवटी तात्पुरती सूट देण्यात आली ती विश्रांतीच्या नियमांतूनच. एकीकडे परवानाधारक बेकार आणि दुसरीकडे कामावरचे वैमानिक थकलेले, ही स्थिती बाजार आपोआप दुरुस्त करील असे मानायला आधार दिसत नाही.

मग करायचे काय? २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित 'उडान' योजनेची घोषणा झाली. दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे आणि चार कोटी प्रवासी, असे तिचे लक्ष्य आहे. नव्या अटी लिहिण्याची हीच वेळ आहे. ज्या कंपनीची तूट सार्वजनिक निधीतून भरली जाते तिने उड्डाण कर्मचाऱ्यांच्या किमान तीन महिन्यांच्या वेतनाइतकी बँक हमी ठेवावी, ही पहिली अट असावी. कंपनी मार्ग सुरू करण्यासाठी कामगिरीची हमी देतेच, त्याच हमीत वेतनाचा समावेश करायला नवा कायदा लागणार नाही. दुसरे असे की, सूचनेच्या मुदतीचा नियम दुतर्फा करावा. सलग दोन महिने पगार थकला तर वैमानिकावरील मुदतीचे बंधन आपोआप संपावे. तिसरे म्हणजे डीजीसीएने दरवर्षी दिलेल्या परवान्यांबरोबर त्या वर्षी प्रत्यक्ष नोकरीला लागलेल्या सहवैमानिकांची संख्याही प्रसिद्ध करावी, आणि प्रत्येक प्रशिक्षण संस्थेला आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना किती काळात काम मिळाले हे सांगणे बंधनकारक करावे. घर गहाण ठेवणाऱ्या बापाला निदान एवढी माहिती मिळण्याचा हक्क आहे. चौथे असे की, बंद पडलेल्या कंपनीच्या वैमानिकांची पात्रता जिवंत राहावी म्हणून सिम्युलेटरवरील तपासणीचा खर्च वर्षभर याच निधीतून द्यावा. एकूण योजनेच्या मानाने ही रक्कम किरकोळ असेल, आणि तिच्यामुळे देशाने घडवलेले कौशल्य वाया जाणार नाही.

या अटींनी प्रादेशिक कंपन्यांवर बोजा पडेल आणि काही मार्ग सुरूच होणार नाहीत, असे म्हटले जाईल. ते काही अंशी खरे आहे. परंतु तीन महिन्यांच्या पगाराची हमी देऊ न शकणारी कंपनी तीन वर्षे विमान चालवू शकेल, यावर विश्वास का ठेवावा? अशी कंपनी निविदेच्या टप्प्यावरच गळाली तर ४०३ न उडालेल्या मार्गांची यादी थोडी आखूड होईल. फ्लाय९१, स्टार एअर यांसारख्या, महाराष्ट्र आणि गोव्यातील लहान शहरे जोडणाऱ्या कंपन्या गांभीर्याने या व्यवसायात उतरल्या आहेत. त्यांना अशा अटींचा फायदाच होईल, कारण भुरट्या स्पर्धकांशी त्यांची गाठ पडणार नाही आणि चांगला वैमानिक त्यांच्याकडे टिकेल.

जबलपूरच्या नागरिकांनी अधिक विमानांची मागणी केली, ती रास्त आहे. या मागणीत एक शब्द जोडायला हवा, तो म्हणजे टिकाऊ. विमान टिकायचे तर ते उडवणारा टिकला पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी याच शहरात दोन लोहमार्ग जोडले गेले तेव्हा हमी केवळ भांडवलाला मिळाली. आज विमानाच्या मालकाला संसदेने कायद्याचे संरक्षण दिले आहे, कंपनीला तुटीचा निधी आहे, प्रवाशाला भाड्याची मर्यादा आहे. या यादीत चौथे नाव वैमानिकाचे असावे, एवढीच ही मागणी आहे. ती मान्य करायला तिजोरीतून फारसे काही जाणार नाही. नव्या करारपत्रात एक कलम वाढवावे लागेल.